चुलीची माती

नव्याने सारवलेल्या चुलीचा वास आला की मला वेल्ह्याच्या वाटेवरचं ते घर आठवतं. त्या घरच्या लोकांच्या विहिरीशेजारी जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती आणि पाण्यात शिसं उतरलं होतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो होतो; माठात डोंगरातली चिकण माती भरून त्यांना पाणी गाळायची सोय करून दिली. माती शिसं धरून ठेवते. तपासणीत पाणी स्वच्छ निघालं. माती बदलायला गेलो तेव्हा घरची म्हातारी म्हणाली, "सर, जुनी टाकू नगा, लई चिकट हाय, चुलीला व्हईल." कौतुकाने सुखावलेला मी "घ्या की" म्हणालो. पुढच्या खेपेला तिची गरोदर सून चुलीपाशी बसून सारवणाचे पोपडे सोलून खात होती. ओठांना माती लागलेली. "डोहाळं हायती, सर," म्हातारी हसली, "पोरगी माजी चूलच संपिवती." पाण्यातलं सगळं शिसं धरलेली तीच माती होती ती. पण दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतले लोक माझा माठ पाहायला येणार होते. "माती खाल्ली की जंत होतात," एवढंच मी बोललो. सून लाजून हसली, आणि मी उंबरा ओलांडताना मागे पुन्हा पोपडा मोडल्याचा आवाज आला. तिचा मुलगा आता शाळेत जायच्या वयाचा आहे, अजून बोलत नाही. परवा म्हातारीने त्याला माझ्या पाया पडायला लावलं. म्हणाली, "तुमच्यामुळं माजी सून चांगलं पानी प्याली, सर." हे लिहून झालं की मी म्हातारीला वाचून दाखवणार आहे.