आकड्यांवर चिंचोके

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी वावरात क्रेटमध्ये वांगी भरत होतो. मालेगावच्या बाजाराला जाणारी गाडी धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. म्हटलं, "बोल लवकर." तो म्हणाला, "काका, आई गेली..." माझ्या थोरल्या भावाची बायको, कुसुमवहिनी. आदल्या दिवशी छातीत दुखतं म्हणून वाशिमच्या दवाखान्यात गेली होती. गाडीत बसता बसता मला बजावून गेली होती, "भाऊजी, गौरीची उदाहरणं अर्धी राह्यली. आल्यावर मी पाह्यते. तुमी मधात उत्तर सांगू नका." खरं सांगतो, मला रडू नंतर आलं, आधी राग आला. एवढा हुकूम सोडून गेलेली बाई अशी परत येत नाही म्हणजे काय? वांगी तशीच राहिली, गाडी रिकामी गेली.

गौरी माझी नात, चौथीत शिकते. नुसते आकडे द्या, पोरगी चटाचटा सोडवते. पण त्याच आकड्यांना शब्द चिकटले, 'एका शेतकऱ्याकडे' असं काही वाक्य सुरू झालं, की तिचं तोंड उतरायचं. शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल खाली. वहिनीनं तिला त्यातून अर्ध्या वाटेपर्यंत आणलं होतं. पुढची अर्धी वाट कोण नेणार, हा त्या दिवसापासून आमच्या घराचा खरा प्रश्न होता.

वहिनी आमच्या घरात आली तीच मास्तरीण होऊन. किन्हीराजाकडच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची नेमणूक झाली तेव्हा आमच्या आईला केवढं कौतुक! भाजी तोडायला आलेल्या बायांना ती वहिनीकडे बोट दाखवून सांगायची, "हे आमची सून, सरकारी हाय." सरकारी सुनेला मात्र स्वयंपाकात कशाचंही माप सांगता येत नसे. माझ्या बायकोनं लोणच्याला मीठ किती म्हणून विचारलं की वहिनी म्हणायची, "आधी कैऱ्या कशा होत्या ते सांग. आंबट होत्या का चिकट होत्या? कोणी आणल्या?" कैरीची अख्खी कुंडली मांडून झाल्यावर मीठ यायचं, आणि तेही "पुरेसं." माझी बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

तिची ही खोड शाळेत कामाला आली. लेकरं गणिताचं पुस्तक उघडतात आणि वाचतच नाहीत, हे तिनं पहिल्याच वर्षी ओळखलं. बकरी जशी कुंपणातून नेमकी कोवळी शेंग हुडकते, तशी लेकरं मजकुरातून आकडे हुडकतात आणि ओरडतात, "बाई, मिळवू का वजा करू?" गोष्ट कोणाची, झालं काय, विचारलं काय, कशाचा पत्ता नाही. एका उन्हाळ्यात आम्ही सगळे ओसरीवर चिंचा फोडत बसलो होतो, चिंचोक्यांचा ढीग पडला होता. तेवढ्यात शेजारचा एक पोट्टा पुस्तक घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, मिळवू का वजा करू?" वहिनीचे हात चिंचेनं बरबटलेले, डोक्यावर ऊन चढलेलं. तिनं पुस्तक ओढलं आणि दिसेल त्या आकड्यावर एकेक चिंचोका ठेवून दिला. "आता वाच."

पोट्टा बावचळला. "बाई, आता त याच्यात काहीच नाही राह्यलं!"

"गोष्ट राह्यली ना बापा. तेच सांग मले."

झालं, तिथून रीतच पडली. कोण आहे? काय झालं? काय विचारून राह्यले? एवढं आपल्या बोलीत सांगता आलं की मगच चिंचोका उचलायचा. तोवर आकड्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. चिंचोके एका पत्र्याच्या डब्यात राहायचे, डबा ओसरीतल्या कोनाड्यात. वहिनी रिटायर झाली तरी डबा काही रिटायर झाला नाही. संध्याकाळी माळ्याच्या घरची, बौद्धवाड्यातली, रस्त्यापलीकडची, सगळी लेकरं ओसरीवर जमायची आणि असा गोंधळ घालायची की मला बातम्या ऐकू यायच्या नाहीत. मी ओरडलो की वहिनी ओसरीवरून म्हणायची, "भाऊजी, तुमच्या बातम्यात नुसते आकडेच असतात. इथं बसा, काहीतरी समजल."

एकदा उदाहरण होतं जीपचं. जीपमध्ये इतकी माणसं होती, वाटेत इतकी उतरली, इतकी चढली. चिंचोके ठेवून झाले आणि एक पोट्टी उभी राहून म्हणाली, "बाई, हे गोष्ट खोटी हाय. शेलूबाजारच्या चौकातून जीप भरल्याशिवाय निघतच नाही. माहा मामा चालवते, मले माहीत हाय." मग अर्धा तास जीप किती भरली म्हणजे भरली यावर भांडण! टपावरचे धरायचे का, मागं लोंबकळणारे धरायचे का... वहिनी पदर तोंडाला लावून हसत बसली, मधे बोलली नाही. शेवटी लेकरांनीच ठरवलं की ही पुस्तकवाली जीप आहे, हिला घाई आहे. आणि मग उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं.

आमच्या गौरीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शाळेत उदाहरण आलं वांग्याच्या रोपांचं. अमुक वाफे, दर वाफ्यात अमुक रोपं लावायची, तर रोपं किती लागतील? आता ही माझी नात, चालायला लागल्यापासून वाफ्यांत वाढलेली. तिनं गुणाकार केला आणि वर आणखी रोपं मिळवली. कारण लावलेल्यातली काही रोपं मरतातच आणि त्या रिकाम्या जागी पुन्हा रोप लावावं लागतं, ज्याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. जास्तीची रोपं ठेवत नाही तो भाजीवाला कसला? वहीत लाल फुली आली. पोरगी घरी आली ती रडत, दप्तर फेकलं. "गणित खोटं असते आबा. मी आता गणित करनच नाही."

माझं डोकंच फिरलं. पोरगी शंभर टक्के बरोबर! मी पायात चपला घातल्या आणि शाळेकडे निघालो मास्तरला जाब विचारायला. वहिनी दारात आडवी. "कुठं चालले?"

"त्याले वावरात आणतो. एक रोप लावून दाखव म्हणतो."

"बसा खाली," ती म्हणाली. अशा आवाजात म्हणाली की मी बसलो. मग तिनं आम्हा दोघांसमोर, आजोबा आणि नात, वही उघडली आणि आकड्यांवर चिंचोके ठेवले. "सांग गौरी, या गोष्टीत रोप मेलं काय?"

"वावरात मरते," मीच बोललो.

"तुमाले नाही विचारलं भाऊजी." आणि मग ती गप्प बसली. वहिनीचं गप्प बसणं ही एक चीज होती. दुसरा मास्तर वाट बघताना पोराच्या अंगावर नजर रोखतो. ही मात्र आपली चिंचोक्यांशी खेळत बसायची, जणू संध्याकाळभर दुसरं काम नाही. गौरीनं नाक पुसलं, पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, "नाही मेलं. लिवलंच नाही."

"हाव. पुस्तकातल्या वावरात एकही रोप मरत नाही. तिथं ऊन नाही, कीड नाही, तुहा आबा नाही. आपल्या वावरात मरते. तुले दोन्ही वावरं सांभाळता आली पाह्यजेत. पुस्तकवालं वावर पुस्तकासारखं, आपलं वावर आपल्यासारखं."

गौरीनं एक चिंचोका उचलला. मग विचारते कशी, "मोठी आजी, पुस्तकातल्या वावराले पाणी कोण देते?" वहिनी इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मलाच पाणी आणायला उठावं लागलं. त्या दिवसापासून गौरीनं पुन्हा पेन्सिल धरली. प्रत्येक उदाहरणाच्या आधी तोंडातल्या तोंडात म्हणायची, "हे पुस्तकवालं वावर."

आणि मग वहिनीच गेली... दिवस-पाणी झालं, पाहुणे परतले. ओसरी एकदम ओस पडली. कोनाड्यातला डबा कोणी उघडेना. गौरी शाळेत जायची, यायची, पण गणिताचं पुस्तक दप्तरातून निघेना. एका संध्याकाळी मीच हिय्या केला, पुस्तक काढलं, तिच्यासमोर चिंचोके ठेवले. तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली, जराशी अडली, आणि माझ्या तोंडून उत्तर निसटलं. काय करू, सुचलं ते बोललो! तिनं पुस्तक मिटलं. "मोठी आजी ऐकत होती. तुमी सांगून टाकता." बापा रे, काय लागलं ते मनाला! वहिनी जाता जाता हेच तर बजावून गेली होती.

पेपरच्या पुरवणीवाल्यांनी वहिनीबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी ओसरीवर कागद घेऊन बसलो. शिकल्यासवरल्या माणसांचे असे लेख कसे असतात ते मला वाचून माहीत आहे. म्हणून मी झोकात सुरुवात केली. जन्म अमुक साली, नोकरी अमुक साली, सेवा इतकी वर्षं, इतक्या शाळा, मृत्युसमयी वय इतकं. पान भरलं, मलाच बरं वाटलं. गौरी येऊन मागं उभी राहिली. तिनं वाचलं. कोनाड्यापाशी गेली, डबा काढला, आणि माझ्या कागदावरच्या एकेका आकड्यावर चिंचोका ठेवत गेली. साल झाकलं. वर्षं झाकली. वयही झाकलं. कागदावर काही म्हणता काही राहिलं नाही.

"आता सांगा आबा," ती म्हणाली. "कोण होतं? काय झालं?"

मी बोलायला लागलो. लोणच्याच्या मिठाचं सांगितलं, जीपचं सांगितलं, तिच्या स्वतःच्या रोपांचंही सांगितलं. मधे मी अडलो, तर पोरगी घाई करीना, चिंचोक्यांशी खेळत बसून राहिली, हुबेहूब तिच्या मोठ्या आजीसारखी. तिला सांगितलं तेच हे तुम्हाला सांगितलं. म्हणून या लेखात वहिनीचं साल नाही, वय नाही. ते चिंचोके मी अजून उचललेले नाहीत.

माझं सांगून संपलं तेव्हा गौरी उठली, दप्तरातून गणिताचं पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. डब्यात उरलेले चिंचोके तिनं आकड्यांवर ठेवले.

"आता माही गोष्ट ऐका," ती म्हणाली. "मधात बोलू नका."

ती मधेच अडली, पुन्हा मागं गेली, पुन्हा अडली. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी बोललो नाही.