फोटो मी काढला होता

आमच्या ग्रंथपाल बाईंना नवं काही दिसलं की त्यांच्या अंगात यायचं. वाचनालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो धड खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता आणि बाई ईमेल उघडायला खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी देवघेवीच्या काउंटरवर शिक्के मारणारी. मला म्हणाल्या, "तुमचाही उघडते."

"मला कोण मेलं पत्र लिहिणार आहे?"

"मी लिहीन की!"

आणि लिहायच्या हो. आठ पावलांवरच्या टेबलावरून मला रोज सकाळी पत्र. 'सुप्रभात. मागची खिडकी उघडा, कोंदट वाटतंय.' उठून सांगितलं असतं तर काय पाय झिजले असते?

मग ब्लॉग झाला. त्याचे वाचक तीन: बाई, बाईंची बहीण आणि धाकापोटी मी. मग इंटरनेटवर वाचनालयाचं पान निघालं, त्यावर रोज एका पुस्तकाचा फोटो. एकदा तर फोनवरून वाचकांची सभा घेतली. तासभर सगळ्यांना वाचनालयाचा पंखा तेवढा दिसत होता आणि बाईंचा आवाज येत होता, "दिसतेय ना मी?" कुणाची सांगायची छाती झाली नाही. शेवटी वाचकांचा ग्रुप काढला. अडीचशे माणसं. बाई हरखून म्हणायच्या, "अहो, जो माणूस कधी आपला जिना चढला नसता, तोसुद्धा आता आपला वाचक आहे." मी नाक मुरडायचे. पण खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा. मला कशाचंच एवढं वेड कधी लागलं नाही.

एका दुपारी मावशी आल्या. समोरच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान. दोन ते तीन वाचनालय ओस असतं, नेमक्या तेव्हा आल्या. हातात कापडाची पिशवी, जणू पडद्यांचं माप घ्यायला आल्यात. बाईंच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"मला वाचायला शिकवाल?"

बाईंना आधी कळलंच नाही. मावशींच्या दुकानात वही असायची, कानामागे पेन्सिल असायची. माप घेतलं की त्या वहीत काहीतरी खरडायच्या. ते सगळं सोंग होतं. मापं त्यांच्या डोक्यात असायची, वहीत नुसत्या रेघोट्या.

"पण कुणाला कळता कामा नये," मावशी म्हणाल्या. "घरी नाही, गिऱ्हाईकांना नाही. सुनेला तर मुळीच नाही. कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"आमच्याकडे कोण काय वाचतं ते या भिंतीबाहेर जात नाही," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. एकदा एक नवरा बायको कुठली पुस्तकं नेते ते विचारायला आला होता. बाईंनी त्याला असा काही झापला की तो जिना उतरेपर्यंत सॉरी म्हणत होता.

आठ महिने मावशी येत राहिल्या. मुलांच्या विभागात, बुटक्या खुर्चीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या. कुणाची चाहूल लागली की पुस्तक पिशवीत आणि पडद्याला हात. बाई एरवी घाईच्या, पण तिथं कधी घाई केली नाही. एकेका शब्दाला पाच-पाच मिनिटं थांबायच्या. मी काउंटरवरून ऐकायचे आणि मनातल्या मनात तो शब्द पुढे ढकलायचे.

मग तो दिवस आला. बावीस पानांची, हरवलेल्या शेळीची गोष्ट. मावशींनी शेवटचं पान एकटीनं वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "सापडली हो शेळी." आणि रडायलाच लागल्या. बाईही रडल्या. मी तर आधीच रुमाल काढून बसले होते.

"फोटो काढा, फोटो काढा!" बाईंनी फोन माझ्या हातात कोंबला. मावशींनी डोळे पुसले, केसांवरून हात फिरवला, पुस्तक छातीशी धरलं. मी काढला. फोटोत बघून म्हणाल्या, "बरी दिसतेय की. असू दे तुमच्याजवळ."

तुमच्याजवळ, म्हणाल्या. मी ऐकलं होतं.

संध्याकाळी बाईंनी मला मजकूर दाखवला. 'वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं पुस्तक! आमच्या शिवणकामवाल्या मावशींचं अभिनंदन करू या.' बाईंचा चेहरा नुसता फुलला होता. त्यांच्या मनात वाईट असं तसूभर नव्हतं. त्या क्षणी त्यांना गुपित वगैरे काही आठवत नव्हतं, आठवत होतं ते फक्त शेवटचं पान. आणि मी? मला आठवलं होतं. ओठांवर आलं होतं. पण एवढ्या आनंदात मीठ कशाला कालवा, म्हणून मी मजकुरातला एक शब्द बदलून दिला आणि म्हणाले, "छान झालंय."

सकाळपर्यंत ग्रुपवर हृदयंच हृदयं. दुपारपर्यंत फोटो दुसऱ्या ग्रुपांवर गेला, तिथून तिसऱ्या. मावशींच्या सुनेला तो तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं दाखवला. 'तुझ्याच सासूबाई ना गं या?'

दोन वाजले, तीन वाजले. मावशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी बाई आणि मी दुकानात गेलो. मावशी मशीनवर होत्या. थांबल्या नाहीत.

"मावशी, मी चुकले," बाई म्हणाल्या. "मी काढून टाकलंय ते. मी विसरलेच हो, आनंदाच्या भरात..."

"चांगलंच लिहिलं होतंत तुम्ही. मी वाचलं ना." मशीन चालूच. "तीस वर्षं दुकान चालवलं, वाचता येत नव्हतं, पण कुणाला पत्ता नव्हता. आता वाचता यायला लागलं, तर सगळ्या गावाला कळलं की येत नव्हतं."

बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या याल?"

"कामं आहेत."

बाईंनी त्याच आठवड्यात ग्रुप बंद केला. इंटरनेटवरचं पान तसंच पडून आहे. वरच्या ऑफिसातून पत्र येतं, वाचनालयानं नव्या माध्यमांवर असावं म्हणून. बाई उत्तर देतात, 'त्यातलं आम्हांला काही कळत नाही.' बाईंना कळत नाही! मी ते पत्र पाकिटात घालते तेव्हा मला रडू येतं, आणि रागही येतो. त्यांचा नाही, माझा. त्यांचं भान सुटलं होतं. माझं कुठे सुटलं होतं?

मागच्या महिन्यात फाटकी पँट घेऊन मी मावशींकडे गेले. माझ्यापुढे कॉलेजातली एक मुलगी होती. मावशींनी तिचं माप घेतलं, वही उघडली, पेन्सिल टेकवली. नाव विचारलं. मुलीनं सांगितलं, आणि मावशी लिहायला लागल्या. हळू, पण खरं लिहायला. पहिलं अक्षर मला उलट्या बाजूनंही ओळखू आलं.

मुलीनं हात पुढे केला. इतकी गोड होती हो पोरगी. "राहू द्या मावशी, मला माहितीये. मी लिहिते," म्हणाली आणि त्यांच्या बोटांतून पेन्सिल अलगद काढून घेतली.

मावशींनी दिली. हे मी बाईंना अजून सांगितलेलं नाही.