उन्हाळ्यात मोजलेला खड्डा

खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की आमचे साहेब मनगट डोळ्यांजवळ नेत, घड्याळ पाहत, आणि मिनिटकाटा दोन घरंही सरकला नसताना म्हणत, "पितेय. जमीन पितेय. लिही."

मी लिहायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापूर-मुरबाडकडच्या शेतजमिनींवर फार्महाऊसं उगवू लागली, तेव्हाची ही गोष्ट. संडासाची टाकी बांधायची तर तिच्यातून झिरपणारं पाणी जमीन जिरवेल का, हे आधी पाहावं लागतं. हातभर खड्डा खणायचा, पाणी भरायचं, पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचं. जवळ विहीर असली तर तिचंही पाणी तपासायचं. या कामाला लोक त्यांना बोलवत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्यांच्याकडे नमुन्याच्या बाटल्या धूत होतो.

खड्डा आधी दिवसभर भिजवावा आणि मगच मोजावा, असा नियम आहे. तापलेली जमीन काय, कितीही पाणी पिते. त्यांनी एकही खड्डा भिजवला नाही. पौषातली म्हशाची जत्रा उठली की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि मृगाआधी संपायचा. ओली जमीन त्यांनी कधी तपासलीच नाही. मी नियम काढला की म्हणत, "कुणाचं मन कशाला मोडायचं?"

असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. लोक त्याला भला माणूस म्हणतात. मला त्यांची किळस यायची. कलिंगड पारखावं तसं ते ढेकूळ कानाशी धरून टिचकी मारत, आणि मुंबईची मंडळी श्वास रोखून बघत. एका बाईंनी तर त्यांचा फोटो काढला. ढेकळातून काहीही ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

एका मे महिन्यात सिद्धगडाच्या बाजूला एका उतारावर गेलो. खाली वाडी होती आणि वाडीची एकुलती विहीर. वाडीतली एक म्हातारी मोळी खाली ठेवून आमचा खड्डा बघत बसली. ते "पितेय" म्हणाले तेव्हा तिने तोंड उघडलं.

"बाबा, आता भुई तानेली हाय. आता पियेलच. आखाडात ये नि बघ."

ते हसले. "आजी, आखाडात तुमच्या वाटेनं गाडी तरी येते का?"

अहवालात जागा योग्य ठरली. तो टाइप मीच केला.

पुढच्या वर्षी श्रावणात वाडीतून निरोप आला. विहिरीला वास येत होता आणि पोरांना जुलाब लागले होते. आम्ही चिखल तुडवत गेलो. उतारावरच्या नव्या फार्महाऊसचे मालक छत्री धरून उभे होते. त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं, काही सांगितलं, आणि साहेब वाडीकडे वळून म्हणाले, पावसाचं गढूळ पाणी आहे, दुसरं काही नाही.

म्हातारीने विहिरीतून पाणी शेंदलं, तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"मंग पी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुकताच भरलेला नमुना माझ्या हातात होता. पाणी घाण असलं की आतल्या रसायनाने बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडते. "उद्यापर्यंत थांबा," एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. हा माणूस एकदाचा खोटेपणात सापडलेला मला बघायचा होता.

पण त्यांना तिलाही नाही म्हणता येईना. उभ्याउभ्या त्यांनी अख्खा तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोड आहे."

दुसऱ्या दिवशी काजळासारखी काळी झालेली बाटली मी त्यांच्या घरी नेऊन ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "लिही. जागा अयोग्य. टाकी ताबडतोब बंद करावी." सही केली. "आधी ग्रामपंचायतीत दे. मालक मला फोन करतील, मग मला नाही म्हणता येणार नाही."

टाकी बंद झाली. पुढे महिन्याभराने त्यांचे डोळे पिवळे झाले, आणि नवरात्रात ते गेले. त्या पाण्यानेच, असं डॉक्टर काही ठामपणे म्हणाले नाहीत.

नंतरच्या आषाढात मी एकटाच विहीर तपासायला गेलो. पाणी चांगलं होतं. म्हातारीने विचारलं, "तो बाबा नाय आला?" मी सांगितलं. ती काठावर खाली बसली.

"मीच दिलं त्याला."

तिचं काही चुकलं नाही, मी म्हणालो. ते पाणी पिऊ नये, हे तिथं मला कळत होतं. त्यांना थांबवायचं काम माझं होतं, हेही तिला सांगितलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तसं मी साहेबांकडे इतकी वर्षं पाहत आलो होतो.

"मंग बोलला का नाय रे?"

मी नमुन्याच्या बाटलीचं बूच आवळत राहिलो. तिने थोडा वेळ वाट पाहिली, घागर कमरेवर घेतली आणि वाडीकडे चालू लागली.