सुंगटांच्या हुमणात तेफळ

बांगड्याच्या हुमणात तेफळ नसलं तर पेडण्याचा माणूस जेवतो, पण तोंड वाकडं करून. आणि सुंगटांच्या हुमणात तेफळ असलं तर ताटावरून उठतो. सुंगटं म्हणजे तुमची कोळंबी, हुमण म्हणजे नारळाच्या रसातली मासळीची कढी, आणि तेफळ म्हणजे ते सुकं काळपट फळ, दाताखाली आलं की जीभ झिणझिणते. हे शास्त्र आमच्याकडे मुलींना वेणी घालायला येण्याच्या आधी येतं. अशा मुलखातल्या सुमंगलेने, सव्वीस वर्षं पणजीच्या खाणावळीत चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईने, सुंगटांत तेफळ घातलं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. का घातलं ते सांगतो, घाई करू नका.

सुमंगला पेडण्यातल्याच हळर्णची. सकाळची पहिली बस पकडून म्हापशाला यायची. तिथे स्टँडवर शालिनी भेटायची. ती लाटंबार्सेची, सुमंगलेच्या हाताखाली काम करणारी, वयाने मुलीएवढी. दोघी शटल बसने पणजीत उतरायच्या, पूल ओलांडून मार्केटजवळच्या गल्लीत शिरायच्या आणि खाणावळीच्या मागच्या दाराने आत. दुपारची जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली की त्याच दाराने बाहेर. लोक कुठून कुठून विमानाने येऊन जी पणजी बघतात, ती हिने बसच्या जनेलातून दिसेल तेवढी पाहिलेली. नवरा बाबली चिडवायचा, "तू पणजेक जातंस काय धुरांत जातंस गो?" हिचं उत्तर ठरलेलं, "धुरांत जातंय. पण माझ्या धुराक वास तरी बरो येता."

आणि ते खरंच होतं. दुपारी बारा वाजता तिच्या हुमणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि ऑफिसांतली माणसं त्या वासाच्या मागे चालत यायची.

खाणावळीची मालकीण विनोदिनी. सगळे तिला वयनी, म्हणजे वहिनी, म्हणत. नवरा गेल्यावर तिने एकटीने ती खाणावळ चालवली. बाईची जीभ कोयत्यासारखी. गिऱ्हाईकाला "भात हवा का" असं विचारायची तेही दरडावून. पण मीठ चाखायला ती कधी आत आली नाही. "सुमंगलान केलां म्हणजे झालां," एवढंच म्हणायची. सुमंगलेला त्या एका वाक्याचा केवढा अभिमान!

दोन वर्षांपूर्वी सुमंगलेला ताप आला. साधासुधा नव्हे, पंधरा दिवस अंथरुणाला खिळवणारा. उठली, कामावर आली, लसूण फोडणीला टाकली आणि ती करपून कोळसा झाली तरी हिला पत्ता नाही. वासच येईना. खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला समजत होतं. पण हुमणाचं हुमणपण नाकात असतं हो! ते गेलं. महिना गेला, वर्ष गेलं, वास काही परत आला नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सव्वीस वर्षांचा हात होता, त्याला माप पाठ होतं. पण जेवायला बसली की घास म्हणजे नुसता लगदा, आणि मनात एकच धाकधूक: वयनीला कळलं तर? नाक नसलेली रांधपीण कोण ठेवील? आणि चूल सुटली तर सुमंगला म्हणून उरणार तरी काय?

एक दिवस बांगड्याच्या हुमणातलं तेफळ तिच्या दाताखाली आलं आणि जीभ झिणझिणली. अगो बाय! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. कितीतरी महिन्यांनी तोंडात काहीतरी घडलं होतं. त्या दिवसापासून तिचा हात तेफळांवर सैल सुटला. चाराची आठ झाली. आणि एका दुपारी, आपण काय करतोय ते पुरतं कळत असताना, तिने सुंगटांच्या टोपात दोन तेफळं टाकली. टोप नेहमीसारखा शालिनीने उचलून पुढे नेला. पुढून कुणी ओरडलं नाही. मग पुन्हा कधीतरी टाकली. कुणाला कळलं नाही, असं तिला वाटलं.

मग ह्या माघातल्या एका शनिवारी वयनी मागच्या खोलीत आली. "फाल्यां आयतार. खाणावळ बंद. तुम्ही दोघींनी यायचां. काम करूक न्हय, पणजी बघूक."

"माका रोज दिसता मगे पणजी," सुमंगला म्हणाली.

"तुका गल्ली दिसता. बरां लुगडां नेसान ये."

सव्वीस वर्षांत न झालेला लाड आजच का? रविवारी ती आली, तर वयनीच्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून नव्या साडीचा काठ डोकावत होता आणि खाली नारळ. झालं! म्हातारी कामवाली सोडताना तिची ओटी भरून, गोडधोड घालून पाठवणी करतात, ते काय तिला ठाऊक नव्हतं? बकऱ्याला आधी आंघोळ घालतात, मग सुरी.

वयनीने टॅक्सी केली होती. आधी चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या. तिथे फोटो काढणाऱ्यांची ही झुंबड, एक नवी नवरी टोपी घालून अशी काही तिरकी उभी होती की शालिनी म्हणाली, "हिची कंबर गेली काय गो मावशे?" सुमंगला हसली, पण पिशवीवरची नजर हलेना. मग मळा नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या, निळ्यापिवळ्या भिंतींची घरं, वर मारुतीचं देऊळ. देवळाच्या पायऱ्यांवरून अख्खं शहर दिसत होतं, कौलं, माड, पलीकडे मांडवी. एवढं सुंदर गाव आपल्या चुलीच्या भिंतीपलीकडे सव्वीस वर्षं होतं! तिला वयनीचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी रडावंसंही वाटलं.

शेवटी दोनापावल. समोर नुसतं पाणीच पाणी, वाऱ्याने पदर धरवेना. शालिनीने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "कसो वास येता गो दर्याचो! खारो, सुक्या बांगड्यासारखो."

"होय गो, येता," सुमंगला म्हणाली.

खोटं बोलली आणि तोंड फिरवलं. वयनी तिच्याकडे बघत होती. तेव्हाच सुमंगलेने ठरवलं: हाकलण्याआधी आपणच सांगायचं. सव्वीस वर्षं जिचं मीठ खाल्लं तिला फसवून साडी घ्यायची नाही.

दुपारी टॅक्सी खाणावळीपाशी थांबली, आणि वयनीने पुढचं दार उघडलं. पुढचं! सुमंगला त्या दाराने कधी आत गेलीच नव्हती. जनेलाजवळच्या मेजावर तीन ताटं मांडलेली. वयनीने पहाटे उठून स्वतः रांधलं होतं: उकड्या तांदळाचा भात, तळलेला इसवण, म्हणजे तुमची सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, काचेच्या कोपात सोलांची कढी, आणि सुंगटांचं हुमण. सुमंगला खुर्चीच्या कडेवर बसली, कुणीतरी उठवील अशी.

"वयनी, माका कायतरी सांगूचां आसा."

"आधी जेव. मगे सांग."

"न्हय, आधी सांगतंय. माका..."

"सुमंगल, जेव म्हटलां मा?" वयनीने तो गिऱ्हाईकावरचा आवाज काढला. त्या आवाजापुढे कलेक्टरही जेवला असता. सुमंगलेने हुमण भातावर ओतलं, कालवलं, घास तोंडात घातला.

जीभ झिणझिणली.

तिने ताटात बघितलं. एक तेफळ, दोन, तीन. मग शालिनीच्या वाटीत डोकावली, वयनीच्या वाटीत डोकावली. त्यांच्यात एकही नव्हतं.

"सुंगटांत तेफळ?" ती सगळं विसरून कडाडली. "वयनी, तुमका वेड लागलां काय?"

"तुका तितकांच लागता मा गो जिभेक?" वयनी म्हणाली. एवढ्या हळू आवाजात बोलताना तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं.

सुमंगलेचा हात ताटातच राहिला. तिने विचारलं, "कधीपासून म्हायत आसा?"

"पयल्या दिवसापासून. तुझी लसूण करपली आणि तू हसत ढवळत रवलंस. तेव्हाच समजलां."

मग शालिनीने सांगितलं. टोप पुढे न्यायच्या आधी ती दाराआड कुलेराने, म्हणजे मोठ्या चमच्याने, जास्तीची तेफळं वेचून काढायची. सुमंगलेचा हात सैल सुटल्यापासून, रोज. एकदा एक राहून गेलं आणि सर्वेशबाब म्हणून रोज येणारा कारकून, त्याच्या सुंगटांत सापडलं. त्याने ते बोटांत धरून वर केलं तेव्हा वयनीने त्याला सुनावलं, "खातस तर खा, नायतर घरा बायलेक सांग रांधूक." गडी निमूट जेवला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

"मग माका बोल्लात कित्या नाय?"

"बोल्लंय असतंय तर दुसऱ्या दिवसा तू हळर्णाक घरा बसली असतंस. सव्वीस वर्सां ओळखतंय मी तुका. तुझो हात हयसर व्हयो होतो. नाक काय, शालिनीचा आसा."

सुमंगला रडली. चांगली हुंदके देऊन रडली, रडता रडता जेवली, आणि तेफळं एकेक करून चावली. देव बरें करूं, देव बरें करूं, एवढंच तिच्या तोंडून येत होतं. आमच्याकडे उपकार मानायला दुसरे शब्द नाहीत आणि लागतही नाहीत. शेवटी नाक पुसून तिने भीत भीत पिशवीकडे बोट केलं. "आणि ती साडी?"

"ती तुझी न्हय गो बाय!" वयनी हसत सुटली. "ती महालक्ष्मीची. तू तापान पडलंस तेव्हा मी देवीक आंगवण केलंय, सुमंगल उठली तर तिच्याच हातान तुझी ओटी भरीन म्हणान. तुझो वास परत येवची वाट बघत रवलंय. मगे म्हटलां, देवीक कितके दिवस थांबवचां? वास येवो नायतर न येवो, तू आयलंस मा!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. देवीच्या आंगवणीच्या, म्हणजे नवसाच्या, साडीने ह्या बाईला सकाळपासून छळलं होतं. संध्याकाळी तिने महालक्ष्मीची ओटी भरली, तेव्हा हात जोडले तेही आधी देवीला आणि मग, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, वयनीला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी आमच्याकडे मासळी नाही, खाणावळीत खतखतं शिजतं. सगळ्या भाज्यांचं, आणि त्यात तेफळ हक्काने पडतं. टोप रटरटायला लागला. सुमंगलेने तेफळांचा डबा उघडला, मूठ भरली, आणि थांबली. दोन वर्षांत जे तिने कधी केलं नव्हतं ते केलं. पुढच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली:

"शालिनी, नाक घेवन ये गो हयसर!"