वाचणार कोण?

खालापुरात असा एकही साहेब बदलून आला नाही, ज्याच्या चहाची वेळ आठवड्याच्या आत माझ्या मामांना कळली नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. नोकरी कारखान्यात, पण जीव लोकांच्या पत्रांत. अर्ज लिहून घ्यायला कोणी आलं, की गाऱ्हाणं ऐकायच्या आधी ते विचारत, "वाचणार कोण?" उत्तराने समाधान झालं नाही, तर स्वतः जाऊन त्या माणसाला पाहून येत. वीज कार्यालयातल्या एका साहेबासाठी ते समोरच्या टपरीवर सकाळभर बसले. साहेब कागद फक्त चहा पिताना वाचतो हे दिसल्यावर, एका कटिंगमध्ये संपेल एवढाच अर्ज लिहिला. शिळफाट्याच्या एकाची बायको रुसून कोंडाण्याला माहेरी बसली होती. मामांनी पत्र तिला नाही, त्याच्या सासूला लिहिलं. दोन पानं नुसती तिच्या सुकटीच्या चटणीची आठवण, बायको शेवटच्या ओळीत. चार दिवसांत बायको आली, चटणीची बरणी घेऊन. जावयाला सुकटीचा वासही सहन होत नाही, हे मामांना मागाहून कळलं. "पत्र सासूला आवडायचं होतं, तुला नाय," ते त्याला म्हणाले. "खा आता."

बारावीनंतर मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. कर्जतजवळच्या आमच्या घरात तोवर कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं, आणि बाबा ठाम नाही म्हणत होते. वसतिगृहाच्या अर्जासोबत द्यायचा निबंध घेऊन मी मामांकडे गेले. त्यांनी तो न वाचताच बाजूला ठेवला. "तुला कॉलेजनं नाय अडवलं गं, बापानं अडवलंय," म्हणत बाबांनाच पत्र लिहायला घेतलं. बाबांना वाचता येत नाही, याची मी आठवण करून दिली. "म्हनून तर तूच वाचून दावायचं."

पत्रात माझ्या हुशारीबद्दल एक अक्षरही नव्हतं. दाजी, यंदा भाताची रोपं उपटू नका, लावणी करू नका, जिथं पेरली तिथंच राहू द्या आणि किती पीक आलं ते कळवा, एवढंच. मी अडखळत वाचलं. बाबा बराच वेळ विळा घासत राहिले. "मला शेती शिकवतो व्हय," म्हणाले. मग विळा खाली ठेवून, "हॉस्टेलला गादी घरनं न्यायची का गं?"

पदवी मिळाल्यावर मी मामांना पत्र लिहायला बसले आणि कागदामागून कागद फाडले. साऱ्या तालुक्याची वाचायची तऱ्हा ज्यांना ठाऊक, ते स्वतः कसे वाचतात हे मला माहीतच नव्हतं. शेवटी पत्र हातानेच नेऊन दिलं. मामांनी सवयीने विचारलं, "वाचणार कोण?"

"तुम्हीच, मामा."

त्यांनी पाकीट उलटसुलट करून आपलं नाव पाहिलं. इतक्या जणांना पत्रं लिहिली, पण त्यांच्या नावाचं हे पहिलंच असावं. चष्मा खिशातच असून तो शोधायला ते आत जाऊन आले, आणि माझ्यासमोर खालीच बसले.

"तूच वाच गं," म्हणाले. "बापाला वाचून दावलंस तसं."