इंजिनाच्या मागचं सगळं

त्यांना अर्धं गाव दातांच्या बाई म्हणून ओळखतं. गिअरबॉक्स उघडायचा, गिअरचे झिजलेले दात पाहायचे आणि नवे गिअर बसवायचे हे त्यांचं काम. पण नाव ऐकून एकदा एक पेन्शनर गृहस्थ खरोखरच गाल धरून आले. बाईंनी हात पुसले, त्यांना स्टुलावर बसवलं, बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि सांगितलं, "दाढ गेलीय. मी काढली असती, पण माझा गिअर उपटायचा पुलर तुमच्या तोंडात मावायचा नाही." गृहस्थ इतके हसले की दाढ आणखी ठणकली.

वर्कशॉप वडिलांचं. पुढची शेड धाकट्या भावाची, मागची बाईंची. पुढे इंजिनं, आणि मागे क्लचपासून मागच्या चाकांपर्यंत इंजिनाची ताकद नेणारं सगळं. गिऱ्हाइकं भावाच्या शेडमध्ये रमतात, कारण इंजिनाने डरकाळी फोडली की माणूस खूश होतो. चांगल्या गिअरबॉक्सचा आवाजच येत नाही, मग त्याचं कौतुक कोण करणार? बाई यावर कुरकुरत नाहीत असं मी म्हणणार नाही. चांगल्या भरपूर कुरकुरतात, आणि ते सगळं त्यांचा शिंपी नवरा मशीन चालवता चालवता ऐकून घेतो. मशीनच्या आवाजात त्यातलं किती ऐकू जातं, हे त्यालाच ठाऊक.

वडिलांचा नियम एकच होता, पार्ट घालायचा तो कंपनीचाच. लोकल माल पायरीवरसुद्धा चढू द्यायचा नाही. दोन्ही मुलांनी तो पाळला, पण भावाच्या तो अंगातच भिनला. 'कंपनीचं आहे' म्हटलं की त्याच्यापुरता वाद संपला. छत्री घेतानाही तो आधी तेवढंच विचारतो.

घोडं अडलं ते इथेच.

भावाची मुलगी गाड्यांच्या शर्यतीत उतरते. सव्वीस वर्षांची, कामावरून आली की हेल्मेट शोधायला लागते. दरवर्षी डोंगरावरच्या वळणावळणाच्या रस्त्याने चढाची शर्यत असते, तिच्यासाठी ती दोन वर्षं तयारी करत होती. गाडी जुनी, छोटी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. यंदा बापाने तिच्यात एका मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं, वर टर्बो चढवला. साठ घोड्यांच्या ताकदीची गाडी एकशेऐंशीवर गेली. सोमवारी गाडी मागच्या शेडमध्ये आली, तेही फक्त ऑइल बदलायला. शर्यत शनिवारी होती.

बाई गाडीखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"मागची चाकं फिरवणारे शाफ्ट कुठले घातलेस?" खालूनच त्यांनी विचारलं.

"कुठले म्हणजे? कंपनीचे," भाऊ म्हणाला. "जसे आले तसे आहेत, ताई. हातसुद्धा लावलेला नाही."

"म्हणूनच विचारतेय." बाई सरपटत बाहेर आल्या. "कंपनीने हे शाफ्ट कुठल्या इंजिनासाठी केले? त्यांच्या स्वतःच्या. तुझे एकशेऐंशी घोडे येणार आहेत, हे त्यांना कुणी कळवलं होतं का?"

"मैदानावर वीस वेळा पळवलीय. काही झालं?"

"मातीवर चाक घसरतं, म्हणून शाफ्ट वाचतो. शर्यत डांबरावर आहे. तिथे चाक रस्ता सोडणार नाही आणि तुझं इंजिन चाकाला सोडणार नाही. मग मधला बिचारा पिळला जाणार."

भावाने हातातलं फडकं बाकावर टाकलं. "तुला ना, पहिल्यापासून माझ्या इंजिनांचं बघवत नाही," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

बाईंना ते लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. पण भीती त्याहून खरी होती. त्या गाडीचं मागचं चाक शाफ्टच्याच टोकाला बसतं. शाफ्ट बेअरिंगपाशी तुटला, तर तुटक्या तुकड्यासकट चाक निघून जातं. अशी एक गाडी बाईंनी पाहिली होती. ती क्रेनने उचलून आणली होती आणि तिचं चाक मागून टेम्पोतून आलं होतं. इथे तर रस्त्याच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, आणि स्टिअरिंगवर आपली भाची. बाईंना रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी दोन्ही मागची चाकं उतरवली, शाफ्ट बाहेर काढले, रॉकेलने धुऊन लख्ख पुसले. मग नवऱ्याच्या दुकानातली लाकडी पट्टी मागवली आणि प्रत्येक शाफ्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. रंग वाळल्यावर शाफ्ट पुन्हा जागेवर गेले.

"हे काय नवीन?" भाचीने विचारलं.

"लोखंड बोलत नाही, म्हणून त्याला लिहायला लावतेय. चल, गोदामांच्या मागे. तिथला रस्ता डांबरी आहे."

"चालवते मी."

"तू बाजूला उभी राहून मोजायचंस. चालवणार मी."

छप्पन्न वर्षांच्या आत्याबाई ओव्हरऑल घालून, सीट पुढे ओढून स्टिअरिंगवर बसल्या. शर्यतीत सुटतात तशी गाडी उभ्या जागेवरून सोडायची, पन्नास पावलांवर थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा सोडायची. इतक्या कमी अंतरात काही तुटलंच, तर गाडी जागच्या जागी बसली असती. पहिल्या वेळी त्यांचा चष्मा नाकावरून कपाळावर गेला. पाचव्या वेळी त्यांना मजा यायला लागली, हे त्यांनी नंतर कबूल केलं. दहा झाल्यावर भाची ओरडली, "पुरे, आत्या!" तरी त्यांनी अकरावी मारलीच.

परत आल्यावर त्यांनी शाफ्ट काढले. डाव्यावरची रेघ जराशी कललेली होती. उजव्यावरची मात्र निघाली वरून आणि पोचली बाजूला, पिळायला घेतलेल्या पंचासारखी. गाडीने एका चढाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

आता आरडाओरडा करून भावाला सगळ्यांसमोर उघडं पाडायची ही नामी संधी होती. बाईंनी ती सोडली. शाफ्ट बाकावर ठेवला, भावाला म्हणाल्या, "जरा मागे जाऊन ये," आणि स्वतः चहा करायला गेल्या. चुकलेल्या माणसाला बघायला कुणी उभं असलं की तो चूक मान्य करत नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. भावाचं आणि स्वतःचंही.

चहा घेऊन आल्या, तेव्हा भाऊ रेघेवरून बोट फिरवत होता.

"सरळ मारली होतीस?"

"पट्टी धरून."

"कंपनीचाच आहे ना हा?" त्याने शाफ्ट फिरवून छाप शोधला.

"अगदी कंपनीचा. त्याच्या कामाला तो खणखणीत आहे. जास्त आपण मागितलं."

भावाने चहाचा कप तसाच बाकावर ठेवला. मग त्याने मुलीला बोलावलं आणि चक्क सांगितलं, "माझं चुकलं. इंजिन वाढवलं आणि मागे वळून पाहिलं नाही. या शाफ्टवर मी तुला सोडणार नाही."

जाड, चांगल्या पोलादाचे शाफ्ट बनवून घ्यायला तीन आठवडे लागणार होते. हातात दिवस चार. पोरीचे डोळे भरले आणि राग आला तो नेमका आत्यावर. "दोन वर्षं, आत्या. आणि तू चार दिवस आधी रेघा मारत बसलीस."

बाईंनी शाफ्ट फडक्यात गुंडाळला. भावानेच विचारलं, "ताई, कंपनीचे नवे कोरे शाफ्ट घातले, तर किती झेपेल?"

"नव्वद. वर एक घोडासुद्धा नको."

टर्बो भावाने आपल्या हाताने काढून ठेवला. नंतर तो इंजिनाला लगाम घालत बसला, हवेच्या नळीत चकती टाकून त्याचा श्वास कमी केला. जन्मभर इंजिनाचं बळ वाढवलेला माणूस ते कमी करताना असा दिसत होता, की बाईंना हसू आवरेना. शेवटी तोही हसला.

शनिवारी बाई वरच्या टोकाला, शेवटच्या वळणापाशी उभ्या होत्या. गाडी वळणावर दिसली, तेव्हा त्यांनी वेळ पाहिली नाही, चाकं मोजली. चारही होती. एकोणीस गाड्यांत भाची अकरावी आली.

हेल्मेट काढून ती सरळ आत्याकडे आली. गाल लाल झालेले.

"गाडी ओढतच नव्हती. प्रत्येक चढाला तुझ्यावर चिडत होते मी."

"अजून चिडलीयस?"

"हो. थोडी."

"चीड," बाई म्हणाल्या. सकाळी गाडी तपासताना लागलेलं ऑइल हातांवर असूनही त्यांनी तिचा चेहरा धरला. "वर्षभर चीड. चिडायला तू माझ्यासमोर उभी आहेस, मला तेवढंच हवं होतं."

भाचीच्या दोन्ही गालांवर काळी बोटं उमटली. बक्षीस समारंभ संपेपर्यंत तिने ती पुसली नाहीत.