पाचावरचा ठिपका

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप टेबलाच्या खणाकडे जातो. मंगरूळपीर भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. फुशारकी म्हणा हवं तर, पण मी आवाज चढवला की मानोऱ्याकडे निघालेली एसटी स्टॉप नसताना थांबायची आणि लॉकअपमधले ढेकूणसुद्धा सावधान उभे राहायचे. नावं सांगत नाही. त्या गावातून मला अजून वांगी येतात, ती बंद व्हायला नकोत.

भाजीपाला पिकवणारे दोन भाऊ. थोरला सकाळी घरून निघाला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं येऊन मिसिंग दाखल केली. त्याचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नातेवाईक, नाले, घरच्या विहिरी, सगळं धुंडाळून झालं. दुपारी बाजारातला माझा खबऱ्या आला.

"साहेब, परवा भरबाजारात धाकटा थोरल्याले म्हणे, तुले जित्ता ठेवत नाही. शंभर लोकायनं ऐकलं."

त्या शंभरातून मला पाचशे साक्षीदार मिळाले. धाकट्याला चौकशीला आणला, त्याचा फोन ताब्यात घेऊन डायरीला नोंद केली आणि फोन खणात टाकला.

"धमकी काहून दिली बे?"

"मोबाइलवरून, साहेब."

"मोबाइलवरून धमकी दिली?"

"तसं नाही. मी त्याच्यासाठी हौसेनं काचेचा मोठा मोबाइल आणला. त्यानं तो माह्या टोपल्यात फेकला. म्हणे, याच्यावर बोट घसरते, हाताले माती असली का हा आयकत नाही. मले कॅल्क्युलेटरसारखे बटनंच पाहिजे. खटकन वाजलं का बोटाले समजते, पाहा लागत नाही."

"एवढ्यावरून जीव घ्यायची भाषा?"

"समदा बाजार मले हासून राह्यला होता ना साहेब!"

शेताच्या धुऱ्या-बांधावरून, दारूवरून झालेले खून मी पायलीनं मोजलेत. बटणावरून भांडण? मी टेबलावर असा हात आपटला की भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं गेलं. धाकटा मात्र तेच सांगत राहिला. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको जावेला पाणी द्यायला गेली. जावेनं तोंड फिरवलं. गावानं तर निकाल देऊनच टाकला होता. ह्या माणसाचं उभं आयुष्य आता भावाचा मारेकरी म्हणून जाणार, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी पुढच्या कारवाईचे कागद काढायला सांगितले, तेवढ्यात खण वाजायला लागला.

उघडून पाहतो तर धाकट्याचा फोन. पडद्यावर 'दादा'. धाकटा झेप घेऊन टेबलाशी आला. मी फोन उचलला, स्पीकर लावला. आधी नुसती खरखर, मग एक अस्सल शिवी.

"कुठं मेला बे? केव्हाचा बटन दाबून राह्यलो! दोर घेऊन ये!"

"मी ठाणेदार बोलतोय. तुम्ही कुठं आहात?"

"पडीत वावरातल्या विहिरीत! पाय मोडला माहा. तुमी काहून उचलला? माह्या भावाले द्या फोन!"

लाइन तुटली. धाकटा ओरडला, "साहेब, मले ठाऊक आहे ते वावर! तो ते बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायले पाहून राह्यला होता!"

जीप रस्त्याला टेकली की नाही, देव जाणे. विहीर झुडपांत बुडालेली. तिचा काठ ढासळून थोरला तळाला गेला होता. धाकटा स्वतः खाली उतरला. दोर मी एकट्यानं ओढला. माझे हवालदार म्हणतात चौघं होते. त्यांना आता नीट आठवत नाही.

दवाखान्यात थोरल्यानं सगळं सांगितलं. कमरेपर्यंत माती, अंधार, एकच हात मोकळा आणि तोही बंडीच्या खिशात अडकलेला. मोबाइल बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून खिशातल्या खिशात अंगठ्यानं पाचच्या बटणावरचा उंच ठिपका शोधला आणि त्याच्या वरचं दोनचं बटण दाबून धरलं. दोनवर धाकट्याचाच नंबर होता, धाकट्यानंच लावून दिलेला. शुद्ध आली की दाबायचं, असं चाललं होतं. रेंज एकदाच सापडली, आणि त्या बटणाच्या फोनचा आवाज एवढा मोठा की माझं बोलणं त्याला खिशातूनही ऐकू गेलं.

"घेता का आता काचेचा?" मी विचारलं.

"त्याच्यावर मी बोट फिरवत बसलो असतो त तुमी माहा पंचनामा करत बसले असते," थोरला म्हणाला. धाकटा हसता हसता रडायला लागला.

मला ह्या प्रकरणानं एक शिकवलं. बनवलेलं कारण ऐकणाऱ्याला पटेल असं घडवलेलं असतं. खरं कारण पुष्कळदा इतकं येडपट असतं की सांगणाऱ्यालाच लाज वाटते. त्यानंतर चौकशीत कोणी येडपट कारण सांगितलं की मी आधी चहा मागवायचो आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकायचो.

त्या रात्री मिसिंगच्या नोंदीखाली मी माझ्या हातानं लिहिलं, 'सदर इसम जिवंत मिळून आला.' नोकरीत इतकं सुवाच्य अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही.